जर्मनीच्या तिकिटाआधीची एक सकाळ

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

«ताई, मी ठाण्यात चरईला राहतो, वय ४१. बाबा ६७ वर्षांचे, मध्य रेल्वेत मोटरमन होते. नऊ वर्षांपूर्वी पार्किन्सन्स निघाला आणि नोकरीची शेवटची दोन वर्षं त्यांना टेबलावर बसवलं. पहिली सहा-सात वर्षं गोळ्यांवर बरी गेली. आता सिंडोपाची गोळी अडीच तासांत उतरते आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. गोळी चढली की अंग वेडंवाकडं हलत राहतं. डॉक्टरांनी डीबीएस सुचवलंय, म्हणजे मेंदूत तारा बसवायच्या. आतेभाऊ म्युनिकला असतो. त्यानं तिथल्या एका हॉस्पिटलचं एस्टिमेट मागवलं. आमच्या बदलापूरच्या प्लॉटला जेवढे येतील जवळपास तेवढेच पैसे लागतील. आत्या म्हणते, माझ्या भावाला चांगल्यातलं चांगलं मिळायला हवं. आई म्हणते, जे करायचं ते इथेच करा. बाबा काहीच बोलत नाहीत. त्यात व्हॉट्सअॅपवर एक एजंट मागे लागलाय. तो म्हणतो, ऑपरेशन कशाला, तिसऱ्याच एका देशात चला, स्टेम सेलची तीन इंजेक्शनं घ्या. उद्या काही कमी-जास्त झालं तर ‘पैशाकडे बघितलंस’ असं मला कुणी म्हणू नये, एवढंच वाटतं. काय करू?»

उत्तर:

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी आधी वाचलं ते शेवटचं वाक्य, कारण पत्राचा खरा भार तिथेच आहे. पण त्याच्याकडे मी शेवटी वळणार आहे. आधी बाबांच्या आजाराचं बोलू.

मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या हॉस्पिटलांमध्ये सव्वीस वर्षं समाजसेविकेचं काम केलं. पैसे कुठून येतील, घरी कोण बघेल, रजा कोण काढेल असे प्रश्न डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडले की माझ्या टेबलावर यायचे. मेंदूच्या विभागात निम्मी नोकरी गेली. त्या अनुभवावरून पहिला प्रश्न विचारते: बाबांची लिव्होडोपा चॅलेंज टेस्ट झाली आहे का? लिव्होडोपा म्हणजे सिंडोपाच्या गोळीतलंच मुख्य औषध.

पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणून झाली नसावी असं धरून चालते. करायला साधी असते, बघायला मात्र जड जाते. आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद ठेवतात, साधारण बारा तास. सकाळी माणूस पूर्ण ‘ऑफ’ असतो, म्हणजे गोळीचा असर उतरलेला असतो. त्या अवस्थेत डॉक्टर त्याला चालायला, वळायला, बोटं उघडझाप करायला लावतात आणि प्रत्येक हालचालीला गुण देतात. मग नेहमीपेक्षा थोडा मोठा डोस देतात आणि तो चढला, म्हणजे माणूस ‘ऑन’ झाला, की तीच परीक्षा पुन्हा. दोन्हींतला फरक बघतात. गुणांत निदान तीस टक्के सुधारणा दिसली तर गाडी डीबीएसच्या रुळावर येऊ शकते. जोडीला स्मरणशक्तीची आणि मनःस्थितीची तपासणी असते. विसरभोळेपणा खूप वाढलेला असेल तर चांगले डॉक्टर स्वतःच नको म्हणतात.

या टेस्टवर इतका जोर का देते ते सांगते. डीबीएसबद्दल घराघरांत सगळ्यात मोठा गैरसमज असतो तो असा, की तार बसली की आजार गेला. आजार जात नाही, पुढे सरकायचाही थांबत नाही. गोळीनं जे सुधारतं, तेच तार सुधारते. गोळी उत्तम चढलेली असताना बाबा जेवढे मोकळे चालतात, साधारण तेवढेच ते ऑपरेशननंतर चालतील. फरक एवढा, की दिवसातले जास्त तास तसे जातील, गोळ्या पुष्कळदा कमी होतील आणि ते वेडंवाकडं हलणंही उतरेल. फक्त थरथर गोळीला दाद देत नसली तरी तारेला देऊ शकते. उलट गोळी पूर्ण चढलेली असतानाही तोल जात असेल, बोलणं अस्पष्ट असेल, तर त्यासाठी डीबीएसवर भिस्त ठेवू नका. ही मर्यादा म्युनिकलाही तीच आणि मुंबईलाही तीच.

हा उपचार मुळात युरोपातलाच. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये तो थरथरीसाठी सुरू केला. मेंदूच्या ऑपरेशनात नेमकी जागा तपासायला हलका विद्युतप्रवाह सोडत असत. प्रवाहाची वारंवारता वाढवली की रुग्णाचा हात थरथरायचा थांबतो, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे आत्याबाईंचं अगदीच चुकलेलं नाही, विद्या तिकडून आली. पण ती इकडे येऊनही आता दोन दशकांवर काळ लोटला. मुंबईतल्या मोजक्या मोठ्या हॉस्पिटलांत, बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल इन्स्टिट्यूटमध्ये ही ऑपरेशनं होत आली आहेत. या तारांना करंट पुरवणारं यंत्र छातीत बसवतात. ते बनवणाऱ्या बड्या कंपन्याही जगात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच, त्यामुळे म्युनिकला आणि इथे बसणारं यंत्र बहुतेक एकाच घराण्यातलं असतं.

आता परदेशी जाण्याबद्दल. मी हे प्रकरण उलट्या बाजूनं पाहिलं आहे. मुंबईच्या बड्या हॉस्पिटलांच्या लॉबीत गेलात तर ओमान, केनिया, टांझानिया, येमेन अशा देशांतली कुटुंबं फायलींच्या पिशव्या घेऊन बसलेली दिसतील. त्यांच्या लेखी ‘परदेशातले उपचार’ म्हणजे आपण. त्यातले एक आफ्रिकेतले निवृत्त शाळामास्तर मला अजून आठवतात. डीबीएस झालं, ऑपरेशन उत्तम पार पडलं. आणि यंत्र सुरू करायच्या आधीच त्यांची चाल सुधारली. मुलगा आनंदानं रडला. डॉक्टरांनी बजावलं होतं, की ही सुधारणा टिकणारी नाही. तार आत जाताना तिथे बारीकशी इजा होते, सूज येते, तिचाच तो परिणाम. आठवड्यांत ओसरतो. मग यंत्र लावून करंट थोडा-थोडा वाढवायचा, गोळ्या थोड्या-थोड्या उतरवायच्या, हे काम महिनोन्‌महिने चालतं. पण व्हिसा, पैसे, मुलाची नोकरी. यंत्र सुरू करून एक-दोनदा सेटिंग झालं आणि ते परत गेले. अडीच महिन्यांनी मुलाचा फोन, बाबा पुन्हा होते तिथेच आलेत, मशीन बिघडलंय. मशीन ठणठणीत होतं. समोर बसून अर्धा-पाऊण तास ट्यूनिंग करणारा माणूस हवा होता आणि तो त्यांच्या देशात कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अर्ध्या तासाच्या कामासाठी दोघांची विमानाची तिकिटं आली. तीही एकदाच नाही.

तुमचं एस्टिमेट काढा आणि बघा, त्यात ट्यूनिंगच्या किती भेटी धरल्या आहेत. बहुतेक ऑपरेशन, राहणं आणि यंत्र एवढंच असेल. ऑपरेशन एका दिवसाचं असतं हो. खरा उपचार त्यानंतर सुरू होतो आणि तो ज्या डॉक्टरच्या हातात असेल तो ठाण्याहून लोकलनं गाठता आला पाहिजे. पहिल्या सहा महिन्यांत तुम्ही त्याच्याकडे किती वेळा जाल याचा अंदाज तुम्हाला आज येणार नाही.

म्हणून म्युनिकला ई-मेल करून काही गोष्टी लेखी मागवा. कुठल्या कंपनीचं नेमकं कुठलं मॉडेल बसवणार आणि ते भारतात विकलं जातं का? एका कंपनीचा प्रोग्रॅमर, म्हणजे ट्यूनिंग करायचं उपकरण, दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला चालत नाही, आणि इथे न आलेलं मॉडेल बसवून आलात तर इथल्या डॉक्टरनं ते ट्यून कशानं करायचं? इंटरनेटवरून दुरून ट्यूनिंग आता काही यंत्रांत होतं. तुमच्या मॉडेलसाठी ते भारतातून चालेल का, हेही विचारा. बॅटरी साधी की चार्ज करायची? साधी असेल तर तीन ते पाच वर्षांत बदलायला छोटं ऑपरेशन लागतं, तेव्हा पुन्हा म्युनिक का? चार्ज होणारी पंधरा-पंधरा वर्षं जाते, पण ती न चुकता चार्ज करणं आईंना जमणार आहे का? आणि इथल्या एका न्यूरोलॉजिस्टला आधीच भेटून विचारा, ‘तिथे करून आलो तर पुढचं तुम्ही बघाल का?’ सगळेच हो म्हणत नाहीत. त्यांचंही बरोबर असतं, दुसऱ्यानं जुळवलेली तंबोऱ्याची तार सुरात लावायला कुणाला आवडतं!

कागदपत्रांचं थोडक्यात. उपचारांच्या व्हिसासाठी तिथल्या हॉस्पिटलचं पत्र, खर्चाचा अंदाज आणि तो भरल्याचा किंवा भरणार असल्याचा पुरावा लागतो. परदेशी रुग्णांकडून तिथली हॉस्पिटलं पैसे बहुधा आगाऊच घेतात. शेंगेन व्हिसासाठी जो प्रवासविमा काढतात तो अचानक आलेल्या आजारपणासाठी, ठरवून केलेल्या ऑपरेशनचा खर्च तो देत नाही. आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसीही परदेशातलं ठरवून केलेलं ऑपरेशन धरत नाहीत. आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर रक्कम बाहेर पाठवली की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण त्या क्षणी खिशातून जातोच. आणि विमानात गोळ्यांची वेळ. तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. गोळी घड्याळ बघून नव्हे, आधीच्या गोळीपासूनचं अंतर मोजून द्यायची. गोळ्या हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट.

मधेच एक गोष्ट सुचतेय. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, म्हणून विचारते. बाबा मोटरमन होते, मग निवृत्त कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय योजनेत आहेत ना? त्यांचं उमीद कार्ड, म्हणजे रेल्वेचं वैद्यकीय ओळखपत्र, काढलं आहे का? असेल तर प्लॉटचा विचार करण्याआधी भायखळ्याच्या रेल्वे हॉस्पिटलात जाऊन या. तिथल्या डॉक्टरांना कागद दाखवा आणि डीबीएससाठी पॅनेलवरच्या हॉस्पिटलात रेफर करता येईल का, यंत्राच्या खर्चाला मंजुरी कशी मिळते, ते विचारा. दोन-चार हेलपाटे पडतील, एखादा शिक्का राहील, एखादा साहेब रजेवर असेल. पण ज्या माणसानं उभा जन्म मध्य रेल्वेला दिला त्याच्यासाठी मध्य रेल्वेचं दार न ठोठावता म्युनिकचं ठोठावणं मला पटत नाही.

परदेशी जाऊच नये असं मी म्हणत नाहीये. काही वर्षांपूर्वी ऐरोलीचं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. सात वर्षांच्या मुलीच्या मेंदूत गाठ होती आणि डॉक्टरांनी प्रोटॉन थेरपी सांगितली होती. या किरणांचा फायदा असा, की गाठीपाशी पोचून ते थांबतात, पलीकडच्या कोवळ्या मेंदूला फारसा त्रास देत नाहीत. तेव्हा भारतात ती सोय नव्हती. ट्रस्टांना पत्रं लिहायला मी स्वतः बसले आणि त्या मुलीला बाहेर पाठवलं. आज तसं पत्र मी लिहिणार नाही. २०१९ मध्ये चेन्नईत प्रोटॉन केंद्र सुरू झालं आणि २०२३ पासून टाटा मेमोरियलचं केंद्र आपल्या खारघरला आहे, ऐरोलीहून तासाभराच्या वाटेवर. तरी अजूनही गाठ म्हटली की थेट अमेरिकेची चौकशी करणारे लोक मला नव्या मुंबईतच भेटतात. इथे जे होतच नाही किंवा इथल्या दोन चांगल्या डॉक्टरांनी जे आम्हाला जमणार नाही म्हटलं, त्यासाठी जरूर जावं. तुमच्या बाबांच्या बाबतीत अजून कुणी तसं म्हटलेलं नाही. आतेभावाची कळकळ वाया घालवायची नसेल तर त्याला एक काम द्या. एमआरआयची सीडी, गोळ्यांचा तक्ता आणि बाबांचे ‘ऑन’ व ‘ऑफ’मधले व्हिडिओ म्युनिकला पाठवून तिथल्या डॉक्टरांचं लेखी मत मागवायचं. त्यासाठी प्लॉट विकावा लागत नाही, आणि आत्याबाईंनाही जर्मनीचा शब्द मिळतो.

आता तो एजंट. इथे मी मवाळ बोलणार नाही. त्याचा नंबर ब्लॉक करा.

भारतात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताचे काही आजार वगळले तर स्टेम सेलचा, म्हणजे मूळपेशींचा, वापर परवानगी घेतलेल्या चाचणीबाहेर करू नये, असं ती सांगतात. म्हणूनच एजंट तुम्हाला तिसऱ्या देशात नेतोय. इस्रायलमधल्या एका मुलाला मेंदूच्या दुर्मीळ आजारासाठी मॉस्कोत नेऊन अशा पेशी टोचल्या होत्या, एकदा नाही, तीनदा. पहिल्या इंजेक्शननंतर चार वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी सापडल्या. तपासलं तर त्या गाठी त्याच्या स्वतःच्या पेशींच्या नव्हत्या, टोचलेल्या पेशींतून वाढल्या होत्या. २००९ मध्ये हे शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं.

या विषयात खरं काम चालू नाही असं नाही. जपानमधल्या क्योटो विद्यापीठानं पार्किन्सन्ससाठी पेशी तयार करून त्या रुग्णांच्या मेंदूत बसवल्या. त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. रुग्ण किती? सात. दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि मुख्य प्रश्न होता, यातून काही अपाय तर होत नाही ना? गाठी झाल्या नाहीत, काहींच्या हालचाली सुधारल्या. एवढं करून ते लोक जपून बोलतात. आणि तुमचा एजंट तीन इंजेक्शनांत गॅरंटी देतो! खऱ्या चाचणीत रुग्णाकडून औषधाचे पैसे बहुधा मागत नाहीत. त्यानं अॅडव्हान्स किती मागितलाय तेवढं आठवून बघा.

आता तुमचं शेवटचं वाक्य.

तुम्हाला भीती बाबांच्या आजारापेक्षा लोकांच्या तोंडाची जास्त वाटतेय, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझ्या टेबलासमोर बसलेल्या निम्म्या मुलांना तीच भीती असायची, मुलींना जरा कमी. पण प्लॉटकडे बाबांच्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांची शिदोरी म्हणून बघा. फिजिओथेरपी आठवड्यातून तीनदा. बाथरूममध्ये पकडायला दांडे. पुढेमागे ब्युरोचा माणूस दिवसपाळीला, कदाचित रात्रपाळीलाही, कारण आईंची पाठ काही पोलादाची नाही. नऊ वर्षांचा आजार आहे आणि तो अजून बराच चालणार. सगळी पुंजी एका ऑपरेशनवर ओतलीत आणि तीन वर्षांनी बाबांना उचलून बसवायला माणूस ठेवायला पैसे नसले, तर तेव्हा आत्या म्युनिकचं नाव काढणार नाहीत, ‘हाल केलेस’ म्हणतील. बोलणारे दोन्हीकडून बोलतात.

फिजिओचा विषय निघालाच आहे तर आत्ताच सांगून ठेवते. तार बसल्यावर, ती कुठेही बसवा, बाबांना डायथर्मीचा, म्हणजे यंत्रातल्या लहरींनी देतात तो, शेक कधीही द्यायचा नाही. त्या लहरींनी मेंदूतल्या तारेचं टोक तापतं आणि जिवावर बेततं. गल्लीतल्या फिजिओला हे माहीत असेलच असं नाही. कंपनी ओळखपत्र देते, ते बाबांच्या खिशात कायम हवं.

आणि बाबा. तुमच्या पत्रात आत्या आहे, आई आहे, आतेभाऊ आहे, एजंटसुद्धा आहे, आणि ज्यांच्या डोक्याला भोक पाडायचंय त्यांचं एक वाक्य नाही. ‘काहीच बोलत नाहीत’ असं तुम्ही लिहिता. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, चेहरा कोरा दिसतो, आवाज बसतो, उत्तर ओठांवर यायला वेळ लागतो. समोरच्याला वाटतं, यांना काही घेणंदेणंच नाही. किती घरांत मी हे पाहिलंय, की उत्तर यायच्या आत बायको-मुलं पुढचा प्रश्न विचारून मोकळी होतात. शिवाय चर्चा बसते रात्री जेवणं झाल्यावर, सगळे घरी असतात म्हणून. त्या वेळी बाबा बहुतेक ‘ऑफ’ असणार.

आजपासून एक वही करा. गोळी किती वाजता घेतली, किती वाजता चढली, किती वाजता उतरली, अंग हलणं कधी सुरू झालं. बाबांनाच भरू दे, अक्षर बारीक आलं तरी चालेल. आयुष्यभर मिनिटांवर गाडी चालवलेला माणूस आहे, हे टाइमटेबल तो तुमच्यापेक्षा चोख ठेवील. दोन आठवड्यांची ती वही डॉक्टरला टेस्टच्या दिवशी कामी येईल. तुम्हालाही कळेल, की बाबा दिवसाच्या कुठल्या तासाला सगळ्यात मोकळे असतात.

त्या तासाला त्यांना घेऊन तलावपाळीवर जा, दोघंच. सांगा, मुंबई आहे, म्युनिक आहे, काहीच न करणंही आहे. मग गप्प बसा. उत्तराला दोन मिनिटं लागली तर लागू देत. गोळी रिकाम्या पोटी द्या, खाण्याच्या अर्धा तास आधी, आणि त्या सकाळी दूध-अंडं नंतर. प्रथिनं पोटात असली की गोळी चढायला उशीर होतो.